संथ सरावातून साधलेला वेग : ड्रमवादक जीन क्रूपा यांचे जीवन

ड्रमसेट हे वाद्य आता आपल्याला नवे राहिलेले नाही. लग्नाच्या बँडमध्ये, सणाच्या कार्यक्रमात आणि काही ठिकाणी गायनवृंदाच्या साथीलाही ते दिसते. हे वाद्य शिकू पाहणाऱ्या मुलाचे पहिले स्वप्न बहुधा वेगाचे असते. हातातल्या दोन्ही काड्या डोळ्यांना दिसेनाशा होतील इतक्या जलद चालाव्यात, असे त्याला वाटते. शिकवणारा मात्र त्याला हळू वाजवायला सांगतो, आणि तेच ते पुन्हा वाजवायला सांगतो. पुष्कळांचा उत्साह इथेच मावळतो. काही जण वाद्य सोडतात, तर काही जण घाईने हात चालवून कायमची वाईट सवय लावून घेतात.

अशा मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी जीन क्रूपा यांचे जीवन जाणून घ्यावे, असे मनापासून वाटते. बँडच्या मागच्या रांगेत बसणाऱ्या ड्रमवादकाला रंगमंचाच्या पुढच्या बाजूस आणण्याचे मोठे श्रेय या अमेरिकन कलावंताकडे जाते. ते कॅथोलिक होते. आईवडिलांनी त्यांना गुरुपदासाठी वाढवले होते. पुढे त्यांनी अमाप कीर्ती पाहिली आणि तुरुंगाची कोठडीही पाहिली. या साऱ्या चढउतारांत एक गोष्ट त्यांनी पुन:पुन्हा केली : ते विद्यार्थी होऊन पहिल्या धड्याकडे परत गेले.

आईवडिलांचे स्वप्न

जीन क्रूपा यांचा जन्म १५ जानेवारी १९०९ रोजी शिकागो शहरात एका पोलिश कुटुंबात झाला. वडील पोलंडमधून स्थलांतरित होऊन आलेले, तर आईचा जन्म अमेरिकेतच, पेन्सिल्व्हेनिया राज्यात, पण पोलिश वंशाच्या घरात झालेला. नऊ भावंडांत जीन सर्वांत धाकटा. घर अतिशय धार्मिक होते. वडिलांचे छत्र लवकर हरपले आणि आईने स्त्रियांच्या टोप्या तयार करण्याचे काम करून संसार सावरला. मुलांनाही लहान वयातच कामाला लागावे लागले.

अकरा वर्षांचा जीन एका वाद्यांच्या दुकानात पडेल ते काम करू लागला. त्याचा एक मोठा भाऊ तिथे आधीपासून होता. मिळालेल्या पैशांतून आपणही एखादे वाद्य घ्यावे, असे या मुलाच्या मनात आले. दुकानात सर्वांत स्वस्त काय आहे याची त्याने चौकशी केली, तेव्हा उत्तर मिळाले ड्रम. ज्या वाद्याने पुढे त्याला जगभर नेले, ते त्याच्या हाती आले ते केवळ खिशाला परवडले म्हणून!

जीनचे प्राथमिक शिक्षण धर्मग्रामांच्या शाळांत झाले. धाकट्या मुलाला गुरुपदाचे पाचारण लाभावे, ही घरच्यांची इच्छा होती. त्यानुसार इंडियाना राज्यातील रेन्सलेअर येथील सेंट जोसेफ कॉलेजात १९२४ च्या सुमारास त्याला पाठवण्यात आले. पवित्र रक्ताच्या मिशनरी संघाचे फादर ही संस्था चालवीत होते, आणि गुरुपदाची पूर्वतयारी करणारी मुले तिथे शिकत असत. जीन तिथे सुमारे एक वर्ष राहिला. त्या वर्षात त्याला फादर इल्डेफोन्स रॅप हे संगीताचे अध्यापक भेटले. अभिजात संगीताचे संस्कार असलेल्या या धर्मगुरूंनी नाचगाण्याच्या संगीताचे वेड असलेल्या मुलाला झिडकारले नाही. चांगले संगीत कोणत्याही प्रकारचे असो, ते मन लावून ऐकावे, ही दृष्टी त्यांनी त्याला दिली. फादर रॅप यांचे हे ऋण क्रूपा यांनी पुढे आयुष्यभर मानले.

वर्षाअखेरीस जीनला कळून चुकले की गुरुपद हे आपले पाचारण नव्हे. तो शिकागोला परतला. आईला काय वाटले असेल, याची कल्पना आपल्यातील अनेक मातापित्यांना करता येईल. सेमिनरीतून परतलेला मुलगा पुढे कोणत्या वाटेने जाईल, हा प्रश्न त्या घरातही उभा राहिलाच असेल. त्यात ही वाट नाचघरांची होती.

कानांनी घेतलेले शिक्षण

त्या काळी शिकागो हे जॅझ संगीताचे माहेरघर बनले होते. दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्सहून अनेक कृष्णवर्णीय वादक तिथे येऊन स्थिरावले होते. त्यांत बेबी डॉड्स आणि झुटी सिंगलटन हे दोन थोर ड्रमवादक होते. तरुण क्रूपा तासन् तास त्यांचे वादन ऐकत असे. ड्रम म्हणजे केवळ ठोका धरण्याचे साधन नव्हे, त्याच्या कडेतून, लाकडातून, झांजांतून निरनिराळे नाद निघतात आणि गाणे जसे वळते तसे हे नाद बदलावे लागतात, हे त्यांनी तिथे जाणले. कृष्णवर्णीय वादकांकडून आपण शिकलो, हे त्यांनी कधीही लपवले नाही. वर्णभेदाच्या त्या काळात हा प्रामाणिकपणा दुर्मीळ होता.

त्याचबरोबर रॉय नॅप यांच्यासारख्या शिक्षकांकडेही त्यांनी धडे घेतले. डिसेंबर १९२७ मध्ये शिकागोतील काही तरुण वादकांसमवेत त्यांचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. त्या काळी मेणाच्या तबकडीवर सुईने नाद कोरला जाई. मोठ्या बेस ड्रमच्या दणक्याने सुई उडेल, या भीतीने ध्वनिमुद्रक ड्रमसेट खोलीत येऊ देत नसत. क्रूपा यांच्या वेळीही अशीच हरकत निघाली, परंतु अखेर संपूर्ण ड्रमसेटसह मुद्रण झाले. तेव्हा ते अवघे अठरा वर्षांचे होते.

न्यूयॉर्कमधील पहिला धडा

१९२९ साली क्रूपा न्यूयॉर्कला गेले. रेड निकोल्स यांच्या वाद्यवृंदात त्यांना जागा मिळाली आणि जॉर्ज गर्शविन यांच्या संगीत नाटकाला साथ करण्याचे काम आले. इथे त्यांची एक उणीव उघड झाली. त्यांना संगीताची लिपी वाचता येत नव्हती! आतापर्यंत त्यांनी सारे कानांच्या बळावर निभावून नेले होते. शेजारी ट्रॉम्बोन वाजवणारे ग्लेन मिलर त्यांच्या मदतीस धावून आले. ड्रमचा भाग ते हलकेच गुणगुणून दाखवीत आणि क्रूपा तो ऐकून वाजवीत. हेच मिलर पुढे स्वत: विख्यात बँडप्रमुख झाले.

एखाद्या वीस वर्षांच्या तरुणाने अशा वेळी आपल्या नैसर्गिक देणगीवर विसंबून दिवस काढले असते. क्रूपा यांनी तसे केले नाही. त्यांनी सॅनफर्ड मोलर या गुरूंचे दार ठोठावले. मोलर हे लष्करी पद्धतीच्या ड्रमवादनाचे जाणकार होते. अमेरिकेतील यादवी युद्धात पलटणीबरोबर ड्रम वाजवलेल्या वृद्ध सैनिकांचे हात त्यांनी बारकाईने न्याहाळले होते. मैलोन् मैल चालत, अवजड ड्रम वाजवूनही हे सैनिक थकत नसत, याचे कारण त्यांच्या हातांच्या हालचालीत दडले होते. त्या निरीक्षणांवर आधारलेले मोलर यांचे पुस्तक १९२५ साली प्रसिद्ध झाले होते.

नाटकाला साथ करून पैसे कमावणारा, स्वत:च्या नावावर ध्वनिमुद्रणे असलेला हा वादक मोलर यांच्यापुढे नवख्यासारखा बसला. काडी कशी धरावी, इथपासून पुन्हा सुरुवात झाली. ड्रमसेट बाजूला राहिला आणि हाती आले प्रॅक्टिस पॅड, म्हणजे लाकडावर रबर बसवलेली सरावाची छोटी पाटी. तिच्यावर ना नादाची मजा, ना श्रोत्यांच्या टाळ्या. दिवसातील कित्येक तास ते या पाटीवर घालवू लागले.

वेग कसा वाढतो?

मोलर यांनी काय शिकवले, हे थोडक्यात समजून घेणे उपयुक्त ठरेल, कारण वेगाचे मर्म तिथेच आहे.

पहिली गोष्ट उसळीची. ताणलेल्या कातड्यावर काडी पडली की ती आपोआप वर उसळते. नवशिका वादक काडी घट्ट आवळतो आणि ही उसळी मारून टाकतो. मग प्रत्येक ठोक्यानंतर काडी उचलण्याचे श्रम त्याला स्वत:च करावे लागतात. थोड्याच वेळात मनगट आणि बाहू दगडासारखे ताठ होतात आणि गती थांबते. याउलट, काडी सैल धरली तर अर्धे काम ड्रमच करतो. म्हणून वेगाचा पहिला शत्रू हा हाताचा अशक्तपणा नसून हाताचा ताण आहे.

दुसरी गोष्ट आसुडासारख्या हालचालीची. आसूड फटकारताना जोर खांद्याकडून निघतो, कोपरातून मनगटात येतो आणि शेवटी टोकाशी फटका बसतो. मोलर यांच्या पद्धतीत हाताची हालचाल अशी लहरीसारखी असते. बाहूच्या एका मोठ्या हालचालीत एक जोरकस ठोका पडतो आणि तिच्या उतरत्या व चढत्या ओघात दोन-तीन हलके ठोके सहज निघतात. अर्थात, कानाला चार ठोके ऐकू येतात, परंतु हाताचे श्रम एकाच ठोक्याचे होतात. वृद्ध सैनिकांचे न थकण्याचे रहस्य हेच होते.

तिसरी गोष्ट मूळ बोलांची. तबला शिकणारा जसा ठरलेले बोल घोटून घोटून हातात बसवतो, तसेच ड्रमवादनातही काही मूळ पाठ आहेत. इंग्रजीत त्यांना रुडिमेंट्स म्हणतात. उजवा-डावा, उजवा-डावा असे एकेरी ठोके, दोन उजवे व दोन डावे असे दुहेरी ठोके, उजवा-डावा-उजवा-उजवा आणि मग डावा-उजवा-डावा-डावा असा गुंफलेला पॅराडिडल, एका हलक्या ठोक्याला चिकटून येणारा जोरकस ठोका अर्थात फ्लॅम, असे ते पाठ होत. १९३३ साली अमेरिकेतील काही जाणत्या वादकांनी यातील तेरा पाठ आवश्यक म्हणून निश्चित केले आणि पुढे त्यांची संख्या सव्वीस झाली. आजही जगभरचे विद्यार्थी ते गिरवतात.

हे पाठ वाजवण्याची जुनी रीत मोठी बोधप्रद आहे. आरंभ अगदी संथ करायचा, इतका संथ की प्रत्येक ठोका वेगळा मोजता यावा. मग हळूहळू गती वाढवत आपल्या मर्यादेपर्यंत जायचे. तिथे क्षणभर स्थिर राहायचे आणि पुन्हा तितक्याच सावकाशीने गती उतरवत आरंभीच्या संथ लयीवर यायचे. आपल्याकडे तबल्याचा रियाज करणारे ठाय, दुगुन, चौगुन अशा पायऱ्या चढतात, त्याच्याशी याचे साम्य लक्षात येईल. चढण्यापेक्षा उतरणे अधिक कठीण असते, कारण उतरताना हाताचे असमान ठोके लपत नाहीत.

इथे एक शिस्त पाळावी लागते. ज्या गतीला ठोके वेडेवाकडे पडू लागतात, त्या गतीला थांबायचे आणि एक पायरी खाली यायचे. तिथे हात सैल व ठोके समान होईपर्यंत राहायचे आणि मगच लंबकाच्या घड्याळाची, म्हणजे मेट्रोनोमची, गती किंचित वाढवायची. हात जे वारंवार करतो तेच तो शिकतो. चुकीचे जलद वाजवले, तर चूकच जलद पक्की होते. डावा हात बहुधा मागे राहतो, म्हणून त्याला वेगळा वेळ द्यावा लागतो. बाहूत वेदना होऊ लागली, तर ती शौर्याची खूण समजू नये. पद्धत कुठेतरी चुकते आहे, असा तो इशारा असतो.

या रीतीने क्रूपा यांनी हात घडवले. त्यांच्या वादनातील ती प्रसिद्ध उंच उसळणारी काडी, केस विस्कटलेला आवेश, सारे पाहणाऱ्याला बेभान वाटे. पण त्या आवेशाखाली मोजूनमापून केलेला सराव होता. काडी उंच जाई ती जोरकस ठोक्याच्या तयारीसाठी.

कीर्तीचे दिवस

डिसेंबर १९३४ मध्ये क्रूपा क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदात दाखल झाले. ऑगस्ट १९३५ मध्ये लॉस एंजेलिस येथील पॅलोमार नृत्यगृहात या वाद्यवृंदाला जो प्रतिसाद मिळाला, तिथून स्विंग संगीताचे युग सुरू झाले असे मानले जाते. स्लिंगरलँड या वाद्ये बनवणाऱ्या कंपनीने क्रूपा यांच्या आग्रहावरून दोन्ही बाजूंनी स्वर जुळवता येणारे टॉम-टॉम तयार केले. त्याआधीच्या टॉम-टॉमची कातडी खिळ्यांनी ठोकलेली असत आणि त्यांचा नाद हवा तसा लावता येत नसे. आज आपण पाहतो त्या ड्रमसेटची रचना बऱ्याच अंशी त्या वेळी स्थिरावली.

जुलै १९३७ मध्ये ‘सिंग, सिंग, सिंग’ हे वादन ध्वनिमुद्रित झाले. एरवी एक तबकडी तीन मिनिटांची असे. हे वादन आठ मिनिटांहून अधिक चालते आणि तबकडीच्या दोन्ही बाजू व्यापते. त्याचा पाया म्हणजे टॉम-टॉमवर अखंड घुमणारा क्रूपा यांचा ठेका. त्या ठेक्यात वेग आहेच, परंतु खरी कसोटी टिकण्याची आहे. इतका वेळ, इतक्या गतीने, ठोक्यांची समानता न ढळता वाजवणे ताठ हातांना शक्यच नसते. प्रॅक्टिस पॅडवर घालवलेल्या तासांचे फळ इथे दिसले. १६ जानेवारी १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये, जिथे एरवी अभिजात संगीताच्या मैफली होत, तिथे या वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. त्या रात्रीचा कळस पुन्हा याच वादनाने गाठला. आदल्याच दिवशी क्रूपा यांनी वयाची एकोणतीस वर्षे पूर्ण केली होती.

सॅव्हॉयमधील पराभव

या यशाच्या मधोमध एक पराभव आहे, आणि तो सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. ११ मे १९३७ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील सॅव्हॉय नृत्यगृहात गुडमन आणि चिक वेब यांच्या वाद्यवृंदांचा सामना ठरला. चिक वेब हे स्वत: ड्रमवादक होते. बालपणी मणक्याला क्षयाची बाधा झाल्याने त्यांची उंची खुंटली होती, पाठीला बाक आला होता आणि वेदना त्यांची पाठ सोडत नव्हती. त्यांच्या शरीराला सोसेल असा खास बांधलेला ड्रमसेट ते उंच चौथऱ्यावर बसून वाजवीत.

त्या रात्री सॅव्हॉयमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. गुडमन यांचा वाद्यवृंद त्या काळी देशात सर्वांत लोकप्रिय होता. परंतु चिक वेब यांच्या वादनापुढे तो फिका पडला. पराभव स्पष्ट होताच क्रूपा उभे राहिले आणि त्यांनी सर्वांसमक्ष वेब यांना लवून अभिवादन केले. आपल्याहून श्रेष्ठ वादकाने आपल्याला हरवले, हे त्यांनी पुढेही मोकळेपणाने सांगितले. दोनच वर्षांनी, जून १९३९ मध्ये, वेब यांचे अल्पवयात निधन झाले.

कीर्ती मिळालेल्या माणसाला आपल्याहून मोठा माणूस दिसणे कठीण जाते. क्रूपा यांना तो दिसला. जो दररोज संथ लयीवर परत जाऊन आपल्या हातांतील दोष ऐकतो, त्याला दुसऱ्याचा गुण ओळखणे जड जात नाही, असे वाटते.

पतन आणि परतणे

मार्च १९३८ मध्ये क्रूपा यांनी गुडमन यांची साथ सोडली आणि एप्रिलमध्ये स्वत:चा वाद्यवृंद उभा केला. त्याच वर्षी ड्रमवादन शिकवणारे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९४१ मध्ये रॉय एल्ड्रिज या थोर कृष्णवर्णीय ट्रम्पेटवादकाला त्यांनी आपल्या वाद्यवृंदात सन्मानाने स्थान दिले. क्रूपा यांच्या नावाने होणाऱ्या राष्ट्रीय ड्रम स्पर्धेत लुई बेल्सन हा सतरा वर्षांचा मुलगा विजयी झाला आणि पुढे तोही जगप्रसिद्ध झाला.

मात्र या झगमगाटाची दुसरी बाजूही होती. सततचा प्रवास, रात्रीची जागरणे, विस्कटलेले घर! १९३४ साली एथेल मॅग्वायर यांच्याशी झालेला त्यांचा विवाह १९४२ मध्ये मोडला. जानेवारी १९४३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे मारिजुआना बाळगल्याच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. सुमारे तीन महिने त्यांनी तुरुंगात काढले. अधिक गंभीर आरोपावरील शिक्षा वरिष्ठ न्यायालयाने पुढे रद्द केली. पण तोपर्यंत वाद्यवृंद विखुरला होता आणि वृत्तपत्रांनी त्यांच्या नावाची लक्तरे वेशीवर टांगली होती.

तुरुंगातून सुटल्यावर आता आपल्याला कोण स्वीकारणार, ही भीती त्यांच्या मनात होती. जुने सहकारी गुडमन यांनी त्यांना १९४३ च्या उत्तरार्धात पुन्हा आपल्या वाद्यवृंदात घेतले. त्यानंतर ते टॉमी डॉर्सी यांच्या वाद्यवृंदात गेले. न्यूयॉर्कच्या पॅरामाउंट थिएटरमध्ये, आधी जाहीर न करता, ते ड्रमसेटमागे बसले. प्रेक्षकांनी त्यांना ओळखले आणि सारे सभागृह उभे राहून टाळ्यांचा कडकडाट करू लागले. क्रूपा यांना अश्रू आवरले नाहीत. १९४४ मध्ये त्यांनी पुन्हा स्वत:चा वाद्यवृंद उभारला. १९४६ मध्ये एथेल आणि ते पुन्हा विवाहबद्ध झाले आणि १९५५ मध्ये एथेल यांच्या निधनापर्यंत त्यांनी एकमेकांना साथ दिली. घसरलेल्या माणसाला परत येण्यासाठी कुणीतरी दार उघडे ठेवावे लागते. इथे ते सहकाऱ्यांनी ठेवले, पत्नीने ठेवले आणि श्रोत्यांनीही ठेवले.

पुन्हा विद्यार्थी

१९५१ मध्ये मोठ्या वाद्यवृंदांचा काळ ओसरला आणि क्रूपा यांनी आपला वाद्यवृंद विसर्जित केला. या प्रौढ वयात त्यांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या अभिजात वाद्यवृंदाचे टिंपनीवादक सॉल गुडमन यांचे शिष्यत्व पत्करले. ज्याच्या नावाने स्पर्धा भरवल्या गेल्या, ज्याचे पुस्तक मुलांच्या हाती होते, तो माणूस पुन्हा वही घेऊन शिकायला बसला. १९५४ मध्ये ड्रमवादक कोझी कोल यांच्यासह त्यांनी न्यूयॉर्कमध्ये ड्रमवादनाची शाळा उघडली. म्हणजे एकीकडे ते शिकवीत होते आणि दुसरीकडे शिकत होते.

याच काळात बडी रिच यांच्याशी त्यांचे गाजलेले जुगलबंदीचे कार्यक्रम झाले. १९५२ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये या दोघांचा सामना रंगला. रिच वयाने आठ वर्षांनी लहान. चालू लागण्याच्या वयातच ते आईवडिलांबरोबर रंगमंचावर ड्रम वाजवू लागले होते. त्यांनी रीतसर शिक्षण घेतले नव्हते, तरी त्यांच्या हातांचा वेग अचाट होता. निव्वळ वेगाच्या बाबतीत रिच यांची बरोबरी क्रूपा करू शकत नव्हते, आणि ही गोष्ट ते जाणून होते. तरीही वर्षानुवर्षे ते त्यांच्यासोबत एकाच मंचावर बसले. आपला ठेका, आपली नादाची जाण, श्रोत्यांशी जुळलेले आपले नाते, हे त्यांनी सोडले नाही आणि मित्राच्या श्रेष्ठत्वाचे कौतुक करण्यातही कधी हात आखडला नाही. रिच यांनीही क्रूपा यांना आयुष्यभर मान दिला.

वेगाच्या मागे लागलेल्या तरुणांनी हा प्रसंग अवश्य लक्षात ठेवावा. आपण कितीही सराव केला, तरी आपल्याहून जलद वाजवणारा कुणी ना कुणी भेटणारच. सराव इतरांना मागे टाकण्यासाठी केला असेल, तर त्या दिवशी तो व्यर्थ वाटेल. संगीताची सेवा करण्यासाठी केला असेल, तर त्या दिवशीही आनंदच मिळेल.

अखेरचा ठेका

१९५९ मध्ये क्रूपा यांच्या जीवनावर चित्रपट निघाला. त्यात नटाच्या हातांनी दिसणारे वादन प्रत्यक्षात क्रूपा यांनीच केलेले आहे. त्याच वर्षी त्यांनी दुसरा विवाह केला आणि पुढे दोन मुले दत्तक घेतली. १९६० मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. पूर्वीसारखे श्रम करणे आता शक्य नव्हते. इथे जुन्या गुरूंची शिकवण उपयोगी पडली असणार, कारण कमीत कमी श्रमात ठोका कसा काढावा, हेच तर मोलर यांनी शिकवले होते. १९६७ मध्ये ते निवृत्त झाले, पण १९७० मध्ये पुन्हा वाजवू लागले. पुढे रक्ताच्या कर्करोगाने त्यांना गाठले. तशाही स्थितीत १९७३ च्या उन्हाळ्यात बेनी गुडमन, टेडी विल्सन आणि लायोनेल हॅम्प्टन या जुन्या सवंगड्यांसमवेत ते मंचावर आले. ऑगस्ट महिन्यात साराटोगा स्प्रिंग्ज येथे त्यांचे अखेरचे जाहीर वादन झाले.

१६ ऑक्टोबर १९७३ रोजी न्यूयॉर्कजवळील याँकर्स येथे, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, जीन क्रूपा ख्रिस्तवासी झाले. याँकर्समधील कॅथोलिक ख्रिस्तमंदिरात त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करण्यात आली आणि शिकागोजवळील कॅल्युमेट सिटी येथील होली क्रॉस कॅथोलिक दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. गुरुपदाच्या वाटेवरून मागे फिरलेला तो मुलगा, अनेक वळणे घेऊन, अखेर आईवडिलांच्या श्रद्धेच्या कुशीतच विसावला.

आपण काय घ्यावे?

आपल्या घरी ड्रम वाजवणारा मुलगा वा मुलगी असेल, तर शेजाऱ्यांची कुरकुर आणि आपली डोकेदुखी या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यावर रबरी प्रॅक्टिस पॅड हा सोपा आणि स्वस्त उपाय आहे. आवाज कमी होतो आणि हातांना उत्तम वळण लागते. रोज अर्धा तास, न चुकता, लंबकाच्या ठोक्याबरोबर, हात सैल ठेवून केलेला सराव हा आठवड्यातून एकदा तासन् तास केलेल्या धडपडीपेक्षा अधिक फलदायी असतो. गती वाढली की नाही, हे रोज तपासू नये. पेरलेले बी रोज उकरून पाहणाऱ्याच्या पदरी काय पडते, हे आपण शेतकऱ्यांची मुले जाणतोच.

पालकांसाठीही या चरित्रात एक धडा आहे. आपण मुलासाठी जे पाचारण मनात धरले, ते त्याचे नसेलही. म्हणून त्याला दिलेले संस्कार वाया जात नाहीत. सेंट जोसेफ कॉलेजात क्रूपा एकच वर्ष राहिले, परंतु एका धर्मगुरूने मायेने आणि शिस्तीने शिकवलेली गोष्ट त्यांनी उभ्या आयुष्यात सोडली नाही. ते घसरले तेव्हाही उठण्याचे बळ त्यांना कुठून मिळाले, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या घरापुरता करावा.

बाकी तरुण वादकांनो, पुढच्या वेळी शिक्षक हळू वाजवायला सांगतील, तेव्हा नाराज होऊ नका. जगातील सर्वांत नामवंत ड्रमवादकांपैकी एक असलेला माणूस विशीत हळू वाजवायला बसला आणि चाळिशी उलटल्यावर पुन्हा बसला. वेग त्याला त्या संथपणातूनच मिळाला.